लक्ष नव्हतं की लक्ष दिलं नाही?

आईच्या रक्ततपासणीचा अहवाल आला तेव्हा त्यावर नाव तिचं होतं, वय तिचं होतं आणि आकडे दुसऱ्या कुणाचे तरी होते. महिनाभर तिचं हिमोग्लोबिन ८ च्या आसपास रेंगाळत होतं. अहवालात ते १३.६ छापलेलं. डॉक्टरांनी कागद पाहिला, मग आईची खालची पापणी बोटाने किंचित ओढून आतला फिकट रंग पाहिला आणि म्हणाले, "हा अहवाल यांचा नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही त्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे पुन्हा रक्त घेतलं आणि सोबत चार ओळींचं पत्र दिलं. त्यातली मुख्य ओळ अशी: "अनवधानाने झालेल्या त्रुटीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

पत्र हातात देणाऱ्या माणसाने तोंडी मात्र सरळ सांगितलं. सकाळी सात ते नऊ नमुने घ्यायला आणि नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायला एकच मुलगा असतो. तेवढ्या वेळात बाहेर रांग लागलेली असते. चिकटवलेली चिठ्ठी बरोबर आहे की नाही हे पुन्हा बघायचं काम कुणाकडेच नाही. आणि अशी अदलाबदल त्या महिन्यात तिसऱ्यांदा झाली होती.

घरी येऊन मी ते पत्र पुन्हा वाचलं आणि एका शब्दावर अडले. पहिल्यांदा नळी बदलली तेव्हा ते अनवधान असेल. दुसऱ्यांदा बदलली तेव्हा ती हयगय झाली. आणि दोनदा होऊनही पडताळणीला माणूस नेमला नाही, म्हणून तिसऱ्यांदा झालं, तेव्हा त्याला मराठीत कानाडोळा म्हणतात. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पहिल्यात दोष जवळजवळ कुणाचाच नसतो. दुसऱ्यात काम करणाऱ्याचा असतो. तिसऱ्यात ज्याला माहीत होतं आणि ज्याच्या हातात होतं त्याचा असतो. पत्रात पहिला शब्द लिहून तिसऱ्या शब्दाच्या मालकाला मोकळं केलं होतं.

हा शब्दांचा कीस नाही. लक्ष नसण्यासाठी मराठीत इतके शब्द आहेत की पटकन मोजताही येणार नाहीत: दुर्लक्ष, अनवधान, नजरचूक, गफलत, हयगय, कुचराई, कसूर, हलगर्जी, बेफिकिरी, बेपर्वाई, कानाडोळा, डोळेझाक, तंद्री, वेंधळेपणा, धांदरटपणा. हे सगळे शब्द दोषाची वाटणी वेगवेगळी करतात. माझी तक्रार अशी आहे की सार्वजनिक व्यवहारात आपण यातला शब्द निवडताना काय घडलं ते बघत नाही, ते कुणाकडून घडलं हे बघतो. वरच्या माणसाला मऊ शब्द मिळतो, खालच्याला टोचणारा. आणि शब्द एकदा चिकटला की पुढची चौकशी, शिक्षा, भरपाई, सुधारणा सगळं त्याच्या मागे जातं.

मराठीचं व्याकरण याबाबत किती काटेकोर आहे ते आपण रोज बोलताना वापरतो, पण लिहिताना विसरतो. "लक्ष नव्हतं", "लक्ष गेलं नाही" आणि "लक्ष दिलं नाही" या तीन वाक्यांत नाम एकच, क्रियापदं वेगळी. लक्ष नव्हतं म्हणजे मन दुसरीकडे होतं. लक्ष गेलं नाही म्हणजे गोष्ट समोर असूनही टिपली गेली नाही. लक्ष दिलं नाही म्हणजे देता आलं असतं, दिलं नाही. देणं ही कृती आहे आणि कृतीला कर्ता लागतो. तसंच "चूक झाली" आणि "चूक केली", "विसर पडला" आणि "विसरलो". "माझ्याकडून राहून गेलं" या वाक्यात काम स्वतःच्या पायाने मागे राहिल्यासारखं वाटतं. मी फक्त जवळ उभी होते.

शब्दाची जात ओळखायला त्याच्यापुढे "मुद्दाम" लावून बघावं. मुद्दाम दुर्लक्ष केलं, हे चालतं. मुद्दाम नजरचूक केली, हे कानाला लगेच खटकतं. उलट "चुकून" लावून बघा. चुकून राहिलं, चालतं. चुकून कानाडोळा केला, हे कुणी म्हणणार नाही. कुणी कानाडोळा म्हणतं, कुणी काणाडोळा. कोणताही घ्या, डोळा उघडा असल्याशिवाय तो करता येत नाही. डोळेझाक करायलाही आधी बघावं लागतं. तंद्रीचं नेमकं उलट आहे. तंद्री लागते, ती कुणी करत नाही. झोप लागते, भूक लागते, तशीच.

यात दुर्लक्ष हा एकच शब्द दोन्ही बाजूंना जातो. दुर्लक्ष होतंही आणि दुर्लक्ष करतातही. म्हणूनच तो सगळ्यांना सोयीचा झाला आहे. "धोकादायक पुलाकडे दुर्लक्ष" असा मथळा वाचला की काहीतरी सांगितल्यासारखं वाटतं, पण झालं की केलं, आणि केलं तर कुणी, हे त्यात नसतं. क्रियापद गाळलं की कर्ताही गळतो. बातमी लिहिणाऱ्याने तिथे एक क्रियापद घातलं तरी वाचकाला अर्धी माहिती जास्त मिळेल.

गाफील आणि बेसावध हे दोन शब्दही आपण एकमेकांच्या जागी वापरतो, आणि तिथेही दोष बाजू बदलतो. गाफील मूळ अरबी, गफलत त्याच्याच कुळातली. गाफील माणूस "राहतो": धोका आहे हे ठाऊक असून तो निवांत असतो. बेसावध माणसाला दुसरा कुणीतरी "गाठतो". बेसावध हा गंमतीचा जोडशब्द आहे, फारसी "बे" आणि संस्कृतातून आलेल्या "सावध" यांचा. सावध, सावधान यांत अवधान आहे. स-अवधान, म्हणजे लक्षासहित. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागून सुरू होतो. आज अवधान हा शब्द रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेला, आणि त्याचा नकार तेवढा दिलगिरीच्या पत्रांत उरला. याचं मला वाईट वाटतं. जी गोष्ट मागायला शब्द उरला नाही, ती नसल्याची क्षमा मात्र आपण सहज मागतो.

मी २६ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. या काळात प्रगतिपुस्तकात मी सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शेरा बहुधा "निष्काळजी आहे" हाच असेल. एका मुलाच्या बाबतीत तो शेरा मी सलग दोन सत्रं लिहिला. चौथीतला मुलगा. हातच्याच्या बेरजा दिल्या की हातचा विसरायचा. तिसऱ्या सत्राच्या आधी मी त्याची चौकटीची वही घरी आणली आणि पहिल्यांदाच ती एका बैठकीत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली.

प्रत्येक पानावर दहा बेरजा. प्रत्येक पानावर पहिल्या चार बरोबर. पाचवीपासून हातचा सुटत होता, आठवी-नववीत आकडे खालच्या चौकटीत घसरत होते. एकही पान याला अपवाद नव्हतं. आणि दुसरी गोष्ट, जी मी रोज वही तपासताना बघूनही पाहिली नव्हती: चुकलेल्या जागी कागद खोडून खोडून विरला होता. दोन ठिकाणी आरपार भोक पडलं होतं. बोट लावलं की कागदाची लव हाताला लागत होती.

ज्याला काळजी नसते तो खोडत नाही. तो चुकीचं उत्तर तसंच ठेवून पुढे जातो, वही मिटतो आणि खेळायला जातो. हा मुलगा काळजीने पोखरला होता आणि मी त्याला निष्काळजी म्हणत होते. मराठीत काळजी करणं आणि काळजी घेणं या दोन गोष्टी आहेत, हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही, पण ते खरं कळलं वहीवर बोट ठेवल्यावर. काळजी करणाऱ्याच्या मनात घोर असतो. काळजी घेणाऱ्याच्या हातात पद्धत असते. त्या मुलाकडे घोर भरपूर होता. चार बेरजांनंतर त्याचं लक्ष पुरत नव्हतं, आणि न पुरणाऱ्या लक्षाला पुरवायची पद्धत मी त्याला दिली नव्हती. त्या सत्राचा शेरा मी असा लिहिला: "पहिली चार उदाहरणं अचूक. पाचव्यानंतर हातचा सुटतो. चार झाली की थोडं थांबू द्यावं." पालक भेटायला आले ते पहिल्यांदाच मुलावर न चिडता आले, कारण त्या शेऱ्यात चिडण्यासारखं काही नव्हतं, करण्यासारखं होतं.

अशा मुलांपैकी काहींना एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं किंवा चंचलता आवरणं अवघड जाण्याचा विकार, असतो आणि निदान तज्ज्ञांनीच करायचं असतं. शिक्षकाने ते वर्गात करू नये. पण निदानाची रीतसुद्धा शब्दांबाबत शिक्षकाला शिकवण्यासारखी आहे. २०१३ साली आलेल्या, मानसिक विकारांच्या निदानाच्या डीएसएम-५ या नियमावलीप्रमाणे मुलांमध्ये अनवधानाच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा, किमान सहा महिने, आणि घर-शाळा अशा एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात. बारकाव्यांकडे लक्ष न जाऊन होणाऱ्या चुका हे त्या नवांतलं एक लक्षण आहे. म्हणजे जी गोष्ट डॉक्टर सहा महिने बघून, दोन ठिकाणी विचारून मग नोंदवतात, तिला आम्ही शाळेत एका ओळीत स्वभावदोष करून टाकतो.

शब्द कुणाच्या वाट्याला कोणता येतो हे बघायला विसरण्याचं उदाहरण पुरेसं आहे. विसरभोळा या शब्दात "भोळा" आहे, म्हणून विसरण्याच्या आतच क्षमा भरलेली आहे. तो शब्द आपण प्राध्यापकांना, संशोधकांना, घरातल्या कर्त्या आजोबांना देतो. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा माणूस आपल्याला लोभस वाटतो. घरकाम करणारी बाई किल्ली कुठे ठेवली ते विसरली तर ती विसरभोळी होत नाही. ती कामचुकार होते, हलगर्जी होते. शिपायाने टपाल टेबलावरच ठेवलं तर त्याने कामात कसूर केली आणि त्याला कारणे दाखवा नोटीस जाते. तेच टपाल साहेबांच्या टेबलावर तीन आठवडे पडून राहिलं तर ते "प्रलंबित" असतं. घरात तर हे रोजचं आहे. दूध उतू गेलं की बाईचं लक्ष नसतं. विजेचं बिल भरायचं राहिलं की पुरुषाच्या डोक्यात शंभर व्याप असतात. धांदरट हा शब्द मुलींना किती सहज लावला जातो! धांदरटपणा धांदलीतून येतो, आणि एकाच वेळी चार कामं सांगणारे आपणच असतो.

सरकारी मराठीत दिरंगाई हा एक मोठा शब्द आहे. महाराष्ट्रात बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा लोक "दप्तर दिरंगाई कायदा" म्हणूनच ओळखतात. सर्वसाधारण फाइल कोणाही कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं त्यात म्हटलं आहे, आणि हेतुपुरस्सर विलंब झाला तर शिस्तभंगाची कारवाईही. कायदा चांगला आहे. पण त्यातही सगळं त्या "हेतुपुरस्सर" शब्दावर येऊन ठरतं. फाइल अडवली आणि फाइल राहिली, यांत फरक करणारा शब्द खुलाशात कोण लिहितो? ज्याच्याकडे फाइल होती तोच. मग तो "नजरचुकीने" लिहितो. नजरचूक ही नजरेची असते. ओळ गळते, आकडा उलटा होतो, ७१ चे १७ होतात. तीन महिने कपाटात असलेल्या फाइलला नजरचूक कशी लागू पडेल?

फौजदारी कायद्यात तर शब्दावर वर्षं अवलंबून असतात. मोटार अपघाताच्या मराठी फिर्यादीत एक वाक्य साच्यातून काढल्यासारखं येतं: आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून चालवून. चार गोष्टी एका दमात. प्रत्यक्षात त्या चार वेगळ्या मनःस्थिती आहेत. १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत बेदरकारपणे किंवा हयगयीने मृत्यू घडवण्याबद्दलचं कलम ३०४-अ घातलं गेलं तेव्हापासून कायद्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत: धोका दिसत असून तो पत्करणं, आणि जी दक्षता घ्यायला हवी होती ती न घेणं. पहिल्याला मराठीत बेदरकारपणा म्हणतात, दुसऱ्याला हयगय. शिक्षा दोन्हींना एकच, तेव्हा दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली. वैद्यकीय उपचार करताना डॉक्टरकडून असं घडलं तर दोन वर्षांपर्यंत. डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट सांगितलं की निर्णय चुकणं किंवा साधी दक्षता कमी पडणं म्हणजे गुन्हा नव्हे. गुन्ह्यासाठी हयगय ढळढळीत असावी लागते. न्यायालय ज्या पायऱ्या इतक्या जपून चढतं, त्या बातमीचा मथळा एका उडीत ओलांडतो. रुग्ण दगावला त्या संध्याकाळीच "डॉक्टरांच्या हलगर्जीपणामुळे मृत्यू" असं छापून येतं. चौकशी अजून सुरूही झालेली नसते.

हयगय या शब्दाची दुसरी बाजू याहून बोलकी आहे. अपघात झाला, इमारत कोसळली, की "दोषींची हयगय केली जाणार नाही" असं जाहीर होतं. ज्या हयगयीने माणसं मेली तोच शब्द इथे "गय करणे" या अर्थाने येतो. मला हे भाषेचं शहाणपण वाटतं. कामाकडे कमी बघणं आणि कामचुकाराकडे कमी बघणं या दोन गोष्टींना मराठीने एकच नाव ठेवलं आहे. पहिली हयगय घडते तिथे बहुधा दुसरी आधीपासून चालू असते. प्रयोगशाळेतली दुसरी अदलाबदल ज्याने सोडून दिली, त्याने हयगयीची हयगय केली.

शब्दामागे पैसाही जातो. ऑनलाइन फसवणुकीत खात्यातून रक्कम गेली की ग्राहकाची जबाबदारी किती, हे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिलं. त्यात बँकेची उणीव असेल तर ग्राहकावर काहीच भार नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने, म्हणजे त्याने गुप्त तपशील कुणाला दिल्याने, नुकसान झालं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा. आणि दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर ठेवली. इतका विचार केलेला कागद असूनही आपण बोलताना काय करतो? फसलेल्या माणसाला सरसकट निष्काळजी म्हणतो. त्याला कुणीतरी पोलीस असल्याचं सांगून दोन तास धमकावलेलं असतं. तो निष्काळजी नव्हता, तो बेसावध होता आणि त्याला गाठलं गेलं. मराठीत त्यासाठी भूलथाप हा शब्द आहे. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ देतो ती भूल आणि ही भूल एकच: भान काढून घेणारी. भान काढून घेतलेल्या माणसाला "तुझं भान कुठे होतं" असं विचारणं क्रूर आहे. लाजेने माणसं तक्रारच करत नाहीत, आणि कळवायला उशीर झाला की परिपत्रकाचं संरक्षणही कमी होत जातं.

कुणी म्हणेल, परिणाम तर एकच. नळी अनवधानाने बदलली काय आणि कानाडोळ्याने बदलली काय, रोग्याच्या हातात चुकीचा कागद येतो. मेलेला माणूस शब्दाने परत येत नाही. हे म्हणणं माझ्याच घरात मला ऐकवलं गेलं आणि त्यात दुःख आहे, म्हणून ते मी हलकं करणार नाही. पण परिणाम एक असला तरी उपाय एक नसतो. नजरचुकीवर उपाय दुसरी नजर. तंद्रीवर उपाय विश्रांती. धांदरटपणावर उपाय काम कमी करणं. कानाडोळ्यावर यातला एकही उपाय चालत नाही, कारण तिथे नजर चांगली असते. तिथे जबाबदार माणसाला जाब विचारावा लागतो. शब्द चुकला की औषध चुकतं. नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या त्या मुलाला काढून टाकलं असतं तर त्याच्या जागी आलेल्या मुलाकडूनही, सात ते नऊच्या गर्दीत, तेच झालं असतं.

माणसाचं लक्ष किती पुरतं हे आता चांगलं माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या रडारवर बसणाऱ्यांच्या कामावरून नॉर्मन मॅकवर्थ यांनी केलेले प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. घड्याळासारख्या तबकडीवर काटा टप्प्याटप्प्याने सरकतो, मधेच एखाद्या वेळी दुप्पट उडी घेतो. ती उडी टिपायची, सलग दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटायला लागल्या. आपण म्हणतो "डोळ्यात तेल घालून बघ", आणि एखाद्याला आठ-दहा तासांच्या पाळीला बसवतो. तेल अर्ध्या तासात संपतं. १९९९ मध्ये सायमन्स आणि शब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक चित्रफीत दाखवून चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकला ते मोजायला सांगितलं. मोजणी चालू असताना गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती खेळाडूंच्या मधून चालत आली, छाती बडवून निघून गेली. साधारण निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. ते बघत होते, दिसलं नाही. बघणं आपल्या हातात असतं, दिसणं पूर्णपणे नसतं. मराठीत ही दोन क्रियापदं आधीपासून वेगळी आहेत.

म्हणून "त्याच्या डोळ्यासमोर होतं, तरी त्याला कसं दिसलं नाही" हा प्रश्न दरवेळी आरोप म्हणून विचारणं बरोबर नाही. पण गाडी चालवताना मोबाइलकडे बघणाऱ्याला यातलं काही लागू होत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी ५० मीटर जाते. मोबाइल खिशातून काढणं, अंगठ्याने उघडणं, वाचणं या सगळ्या केलेल्या गोष्टी आहेत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत धोकादायक चालवण्याच्या कलमात हातातल्या फोनचा वापर स्पष्ट लिहिला आहे. "लक्ष विचलित झाल्याने अपघात" असं त्याबद्दल लिहू नये. लक्ष विचलित झालं नाही, त्याने ते उचलून दुसरीकडे ठेवलं.

विमानवाहतुकीत हा फरक नियमातच उतरवलेला आहे. अमेरिकेत १९७६ पासून नासा चालवत असलेल्या सुरक्षा अहवाल व्यवस्थेत वैमानिक स्वतःची चूक दहा दिवसांत कळवतो. ती अनवधानाने झालेली असेल, मुद्दाम केलेली नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल, तर नियमभंगाचा दंड त्याला माफ होतो. मुद्दाम केलेल्याला ही सवलत नाही. यातून लोक चुका लपवत नाहीत, सांगतात, आणि तीच चूक दुसऱ्याकडून होण्याआधी पद्धत बदलता येते. तिथे "अनवधानाने" हा शब्द वापरण्यासाठी अट आहे: आपण होऊन, वेळेत, सगळं सांगायचं. आपल्याकडे तो पकडलं गेल्यावर वापरतात.

मला एवढंच हवं आहे की हा शब्द लिहिणाऱ्याने त्याची अट पाळावी. चौकशी अहवालात "अनवधानाने" किंवा "नजरचुकीने" लिहिलं असेल तर त्याच परिच्छेदात हे आधी किती वेळा झालं होतं, कुणाला माहीत होतं, आणि तपासणं कुणाचं काम होतं, हे लिहिलेलं असावं. ते तीन तपशील दिले की शब्द आपोआप बरोबर बसतो; बरेचदा तो बदलावाच लागेल. वर्तमानपत्राने चौकशीपूर्वी हलगर्जी लिहू नये, आणि चौकशीनंतर दुर्लक्ष लिहून थांबू नये. शिक्षकाने निष्काळजी लिहिण्याआधी वही एकदा सलग पाहावी.

जुन्या हिशेबाच्या कागदांवर खाली "चूकभूल देणे घेणे" असं असायचं. त्यात चूक वेगळी होती आणि भूल वेगळी होती, आणि दोन्ही बाजूंनी ती भरून द्यायची तयारी होती. मी प्रयोगशाळेला पाठवलेल्या उत्तरात भरपाई मागितली नाही. पत्रातला तो एक शब्द बदलून द्या, आणि आधीच्या दोन वेळांचा उल्लेख करा, एवढं लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात आईचा अहवाल आला तेव्हा मात्र नमुना घेणाऱ्याच्या सहीशेजारी "पडताळले" असं छापून दुसरी सही होती.

ती सही बघून आई खूश झाली. मी त्या दुसऱ्या रोग्याचा विचार करत होते, ज्याचं १३.६ आमच्याकडे आलं होतं. आईचा ८ चा आकडा कुठल्या तरी घरी गेला असणार. धडधाकट माणसाच्या नावावर तो किती दिवस राहिला, त्याने लोहाच्या गोळ्या घेतल्या का, किती चाचण्या पुन्हा केल्या, हे मी विचारलं. तेवढी माहिती देता येणार नाही असं त्यांनी सांगितलं. त्या घरीही चार ओळींचं पत्र गेलं का, एवढं तरी सांगा म्हटलं. तेव्हा खिडकीतल्या माणसाने वहीत बघितलं आणि म्हणाला, "नाही, ते कळवायचं राहून गेलं."